खुंटीवरचा सदरा

या, असे जवळ येऊन बसा. माझा आवाज आता लांबवर पोचत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखीही नाही. देवाचं नाव घेऊन बसलोय, म्हणजे एक अक्षर खोटं सांगता येणार नाही. जिथं मी स्वतः चांगला दिसत नाही तिथंसुद्धा नाही. गोष्ट एका सदऱ्याची आहे. तो कुणाचा, कुणासाठी घातला आणि कुणी पळवला, सगळं सांगतो. सुरुवात मात्र काकूच्या तोंडापासून करावी लागेल, कारण आमच्या घरात दिवस तिथूनच सुरू व्हायचा.

"अहो, तो सदरा उंबऱ्याच्या आत आला तर मी उंबऱ्याबाहेर पडेन, सांगून ठेवते!"

"अगं, मी बाहेरच उभा आहे."

"तुमचं नाही बोलत. सदऱ्याचं बोलते. अंगातून काढलात तरी एकटा उभा राहील, इतका मळ बसलाय त्याच्यात. माणसं देवाला भितात, मी तुमच्या सदऱ्याला भिते."

काका हसायचे, तसेच मागं फिरायचे आणि सदरा तबेल्यातल्या खुंटीला अडकवून उघड्या अंगानं घरी जेवायला यायचे. त्या सदऱ्याचा मूळचा रंग कुणालाच आठवत नव्हता. काकू म्हणायची पांढरा, काका म्हणायचे निळा. वर्षानुवर्षं त्याला पाणी लागत नसे आणि लावू दिलं जात नसे, कारण तो सदरा हेच काकांचं हत्यार होतं.

आमची पागा म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची मोठी जागा. सगळं आयुष्य तिथंच गेलं माझं. आईवडील गेल्यावर काकांनी मला तिथं आणलं, शिकवलं, आणि विसाव्या वर्षी पागेच्या कचेरीत चिकटवलं. घोड्यांच्या वंशावळी लिहिणं हे माझं काम. कुठल्या घोडीला कुठला घोडा, शिंगरू कधी झालं, कपाळावर चांद आहे की नाही, कुठला पाय पांढरा. सगळं मोठ्या वह्यांत, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं होतं. त्यानंच पुढं घात केला.

पागेला दोन तोंडं होती. पुढचं तोंड फाटकाचं: पांढरी कुंपणं, कापलेलं गवत, विटांचे तबेले, प्रत्येक दारावर घोड्याच्या नावाची पितळी पाटी, आणि झाडांखाली नामांकित घोड्यांची दफनाची जागा, दगडांवर नावं कोरलेली. मागचं तोंड उकिरड्याच्या बाजूला. तिथं पत्र्याचा लांब तबेला होता, त्याला सगळे नुसतं 'मागं' म्हणायचे. त्या दारांना पाट्या नव्हत्या. तिथल्या घोड्या ओझ्याच्या जातीच्या, रुंद पाठीच्या, पायांवर केस असलेल्या. शर्यत त्यांनी कधी बघितली नाही. त्यांचं काम एकच होतं, दूध.

समजून घ्या हं, कारण गोष्ट यावरच उभी आहे. उंची जातीची घोडी नाजूक. कधी विताना मरते, कधी तिला दूध उतरत नाही, कधी ती पोराला लाथाडते. शिंगरू मात्र लाखमोलाचं. मग त्याला मागच्या घोडीखाली लावायचं. पण घोडी परक्याचं पोर सहसा घेत नाही. वास घेते आणि दात काढते. मागची घोडी दुधावर ठेवायची म्हणजे तिलाही पोर व्हायला हवं, आणि ते पोर पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्याजवळून न्यायला हवं. नेलेल्या पोरांची वही नव्हती. कुणी गाडीवाला घेऊन जाई. पुढं काय, ते कुणी विचारत नसे.

हे सगळं जुळवणारा माणूस म्हणजे काका. घोडी व्याली की काका तो सदरा घालत. तिच्या पोराला सदऱ्यानं पुसत, कुशीत घेत, जेवणाची वेळ सोडली तर पाच दिवस अंगावरून सदरा काढत नसत. पोराचा, दुधाचा, वारेचा, सगळा वास त्यात मुरत असे. मग पोर नेलं, की पुढून आलेल्या परक्या शिंगरावर तोच सदरा टाकायचा, बाह्या पोटाखालून बांधायच्या आणि त्याला घोडीजवळ ढकलताना हळू आवाजात म्हणायचं,

"घे गं माय, लेकरू घे. कुणाचं का असेना, भुकेलं आहे."

घोडी वास घ्यायची. एकदा, दोनदा. मान वळवून दाराकडं बघायची. पुन्हा वास घ्यायची. आणि पान्हा सोडायची. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. काका मात्र त्या दिवशी जेवायचे नाहीत. काकू ताट वाढून झाकून ठेवायची आणि त्या एका दिवशी सदऱ्यावरून एक अवाक्षर काढायची नाही.

एकदा मी विचारलं, "काका, देवाचंच काम करता तुम्ही. पोरकं पोर जगवता. मग उपास कशाला?"

"एक जगवतो ते सगळ्यांना दिसतं रे," काका म्हणाले. "दुसऱ्या आईला फसवतो, ते तिला आणि मलाच माहीत असतं."

या मागच्या घोड्यांतली एक मावशी. नाव नव्हतंच तिला. तबेल्यातल्या कुणीतरी 'माय मरो पण मावशी उरो' म्हटलं आणि तेच चिकटलं. मातकट रंग, खालचा ओठ लोंबता, चेहऱ्यावर सदा 'बरं, पुढं?' असा भाव. तिला काकांशिवाय कुणाचा हात चालत नसे. नालबंद आला की काकांनी तोंडाशी उभं राहायचं, नाहीतर नालबंद घरी आणि हातोडा गवतात. नालबंद म्हणायचा, "वहिनींना सांगतो, तुमची सवत आहे मागं." काकू म्हणायची, "असू दे. धुणं तरी तिनं करावं."

मावशी सहा वर्षांची असताना पुढच्या तबेल्यात एक लांबून आणलेली घोडी सकाळी व्याली आणि सूर्य कासराभर वर यायच्या आत गेली. मोठे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, डोकं धरून पायरीवर बसले होते. सगळी पागा त्या एका पोरावर टांगलेली. काकांनी मागं जाऊन मावशीचं पाच दिवसांचं पोर नेलं. मादी होती, आईसारखी मातकट, मागचा डावा पाय पांढरा. मी हे कुठं लिहिलेलं नाही, पण विसरलोही नाही. मग सदरा टाकला, आणि मावशीनं ते राजस शिंगरू घेतलं.

सोपं गेलं असं नाही. तिनं आधी त्याला बाजूला सारलं. काका दुपारपर्यंत तिच्या मानेला मिठी मारून उभे होते. कानाशी बोलत होते. शेवटी तिनं घेतलं तेव्हा मोठे मालक दारात उभे होते. ते म्हणाले, "माग. काय हवं ते माग."

माणूस काय मागेल? पगार मागेल, पक्कं घर मागेल. काका म्हणाले, "हिला कधी गाडीवाल्याला देऊ नका. म्हातारी झाली की इथंच मरू दे. आणि पुरायची ती झाडांखाली, कोपऱ्यात का होईना."

"दिला शब्द," मोठे मालक म्हणाले.

ते शिंगरू म्हणजे फाटकावरचा घोडा. त्यानं इतक्या शर्यती मारल्या की जिवंतपणीच त्याचा ओतीव पुतळा फाटकात बसला. पुतळ्याखाली बापाचं नाव, जन्म देऊन मेलेल्या आईचं नाव, मालकांचं नाव. मावशीनं त्यानंतर आणखी दहा परकी पोरं वाढवली, आणि दहा आपली घालवली. दरवेळी काका तिला म्हणायचे, "एवढं एक वर्ष. तुला मी जाऊ देणार नाही, एवढं लक्षात ठेव." घोडा पैदाशीला परत पागेत आला तेव्हा गंमत झाली. मावशी मागून खिंकाळली की तो पुढच्या तबेल्यातून उत्तर द्यायचा. एवढा मानी घोडा, पण आवाज काढायचा तो बारीक, शिंगरासारखा. गुराख्यांनासुद्धा ठाऊक होतं ते.

आता पुढचं ऐका. वीस वर्षं गेली. मोठे मालक वारले, त्यांचा मुलगा मालक झाला. मावशी सव्वीस वर्षांची, पाठ खाली बसलेली, बरगड्या मोजाव्यात अशी. पागेला शंभर वर्षं भरत होती, म्हणून समारंभ ठरला, आणि समारंभासाठी इतिहासाचं पुस्तक. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी शंभर वर्षांच्या वह्या उपसल्या. पागा काढणाऱ्या पहिल्या मालकांनी खडकाळ माळ घेऊन पहिल्या दोन घोड्या कशा आणल्या, साथीत निम्मी पागा कशी गेली, पुन्हा कशी उभी राहिली, सगळं लिहिलं. फाटकावरच्या घोड्याच्या पानावर मी एक ओळ घातली: 'याला मागच्या तबेल्यातल्या मावशी नावाच्या घोडीनं दूध पाजून वाढवलं.'

मॅनेजरसाहेबांनी पेन्सिलीनं ती ओळ खोडली.

"साहेब, एकच ओळ आहे."

"अरे, विकत घेणारे वाचणार हे पुस्तक. लाखांचा घोडा भाराच्या घोडीचं दूध प्यायला, हे छापायचं? तुझं डोकं तरी आहे का ठिकाणावर?" मग हसून म्हणाले, "शेवटच्या पानावर तुझं नाव घालतोय. संकलन म्हणून. चालेल ना?"

मी ओळीचं पुन्हा बोललो नाही. माझं नाव कधी कुठं छापलं गेलं नव्हतं.

काकांनाही समारंभात बोलावलं होतं. चाळीस वर्षांवरच्या नोकरीबद्दल सत्कार, भिंतीवरचं घड्याळ भेट, आणि दोन शब्द बोलायचे. काका आधी मालकांना भेटायला गेले. मी तिथंच वही घेऊन उभा होतो.

"मालक, मावशी फार थकली. तुमच्या वडिलांचा शब्द होता. झाडांखाली कोपरा..."

मालक वाईट माणूस नव्हते. घाईतले होते. "लिहून ठेवलंय का कुठं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं.

वह्या माझ्या होत्या. मी म्हणालो, "नाही साहेब. लिहिलेलं नाही."

"बघू," मालक म्हणाले.

पागेत 'बघू'चा अर्थ काय ते नालबंदापासून माळ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. काकांनाच कळला नाही. बाहेर आल्यावर ते खुशीत होते. "नाही म्हणाले नाहीत बघ. बघू म्हणाले. आणि मी माईकवर चार लोकांसमोर बोललो की मागं फिरता येणार नाही त्यांना. माझं आयुष्य आयांना फसवण्यात गेलं रे. एकीला दिलेला शब्द खरा होऊ दे, मग मी सुखानं डोळे मिटतो."

आठवडाभर ते काकूसमोर भाषण घोकत होते. काकू चुलीपाशी बसून सूचना करायची. "हात असे खाजवू नका. आणि 'माझी एकच विनंती' एवढं म्हणा, पाच-दहा मागू नका, नाहीतर लोक उठून जातील."

"एकच आहे गं. ऐक: पाहुणे मंडळी, माझी एकच विनंती आहे. मागं एक घोडी उभी आहे. तिला मावशी म्हणतात. जाताना तिला एकदा बघून जा."

"एवढंच?"

"एवढंच. एकदा बघितली की कोण तिला गाडीत घालेल?"

समारंभाच्या दिवशी घोडे सांभाळणाऱ्या सगळ्या मोतद्दारांना नवे कोट दिले, पितळी बटणांचे. काकू म्हणाली, "देव पावला! आज तरी माणसात दिसाल." काकांनी सकाळी मावशीला खरारा केला, खूर साफ केले, आयाळ विंचरली, पाहुणे बघायला येणार म्हणून. मग सदरा अंगातून काढला, खुंटीला अडकवला आणि कोट घालून पुढं गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या वेळी सदरा एकटा खुंटीवर राहिला. ही त्यांची चूक. एवढीच.

मी कचेरीत होतो. पुस्तकाची पहिली प्रत हातात आली होती, शेवटचं पान उघडून बसलो होतो. मॅनेजरसाहेब आत आले.

"चल जरा मागं. ट्रक आलाय दोन जनावरांसाठी. त्यातच म्हातारीला पाठवायची. मागची जागा मोकळी हवी, दुपारी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लावायच्यात. ती चढत नाहीये. तासभर झाला, एकाला चावली. तू लहानपणापासून बघतोस काकांना, तुला जमेल."

"कुठं नेतायत तिला?"

"डोंगराकडच्या कुरणात. आराम करेल तिथं."

पुस्तक काखेत धरून मी मागं गेलो. ट्रकवाला ट्रकला लावलेल्या फळीवर बसून दात कोरत होता. मावशी चारी पाय रोवून उभी, नाकपुड्या फुललेल्या, तोंडाला फेस. दोघं जण दावं ओढत होते आणि शिव्या देत होते.

मी ट्रकवाल्याला विचारलं, "डोंगराकडचं कुरण माहीत आहे ना?"

तो हसला. "साहेब, आमच्या गाडीत बसलेली म्हातारी कुठल्याही कुरणातून परत भेटायला येत नाही. तुम्ही चढवता की मी जाऊ?"

आता तुम्ही मला विचाराल, कळलं नव्हतं का? देव वर बसलाय, खोटं कसं सांगू. कळलं होतं. पण कळलेलं बाजूला ठेवायला माणसाला एक शब्द पुरतो. मॅनेजरसाहेब 'कुरण' म्हणाले होते. मी तो शब्द धरून बसलो.

पुस्तक पत्र्याच्या कडेला ठेवलं. आत गेलो. खुंटीवरचा सदरा काढला आणि अंगात घातला.

मावशीनं मान वर केली. मी जवळ गेलो. तिनं छातीशी नाक लावलं, मग काखेत, मग बाहीवर. त्या सदऱ्यात काका होते. आणि त्यात तिची अकरा पोरंही होती, एकावर एक मुरलेली. तिचं अंग सैल पडलं. फेस थांबला. मी उलट्या पावलांनी फळीवर चढू लागलो आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, मी बोलवलं नव्हतं:

"ये गं माय, लेकरू घे. कुणाचं का असेना, भुकेलं आहे."

ती चढली. एकही पाऊल चुकली नाही.

खाली उतरायला गेलो तर ती मागं यायला लागली. ट्रकवाला म्हणाला, "तो सदरा राहू दे आत, नाहीतर वाटेत लाथा घालून गाडी फोडेल." मी सदरा काढून गजाला बांधला. ती त्यावर नाक टेकून उभी राहिली. माझ्याकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. तिला मी नकोच होतो.

पुढच्या मैदानावरून कर्ण्याचा आवाज येत होता. मालकांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, फाटकावरच्या घोड्याला मिरवत आणल्याचं सांगितलं गेलं. मग काकांचा आवाज आला. माईकवर तो ओळखू येत नव्हता, कुणा भित्र्या माणसाचा वाटत होता.

"पाहुणे मंडळी... मला बोलता येत नाही. माझी एकच विनंती आहे..."

नेमका तेव्हाच ट्रक सुरू झाला, आणि मावशी खिंकाळली.

आणि कर्ण्यातून, माझ्या डोक्यावरून, त्या घोड्याचं उत्तर आलं. बारीक, शिंगरासारखं. पुन्हा एकदा. आणखी एकदा. पाहुणे हसले, टाळ्या वाजवू लागले. मालकांचा आवाज आला, "बघा, आमच्या चॅम्पियननंसुद्धा अनुमोदन दिलं!" आणखी हशा पिकला.

टाळ्या थांबल्या. काका बोलतील म्हणून मी उभा राहिलो. कर्ण्यातून फक्त वारा घुमत होता. कुणीतरी घसा खाकरला. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "भावना अनावर झाल्या. आभारी आहोत."

काका सावकाश आले. पळत येतील असं वाटलं होतं मला. नवा कोट, बगलेत घड्याळाचा खोका. माझ्या हातात पुस्तक. ठाण रिकामं, गव्हाणीत अर्धं गवत तसंच. त्यांनी आधी ठाणाकडं बघितलंच नाही, खुंटीकडं बघितलं.

"चढली कशी?" त्यांनी विचारलं.

"काका, डोंगराकडच्या कुरणात नेलीय तिला. मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले..."

"कुठं नेली ते विचारलं नाही मी. चढली कशी?"

काकांनी खोका खाली ठेवला. माझे दोन्ही हात धरले, वर घेतले आणि नाकाशी नेले. डोळे मिटून वास घेतला. एकदा, दोनदा. मग दाराकडं बघितलं. पुन्हा वास घेतला. आणि हात सोडून दिले, जिथून उचलले होते तिथंच नेऊन, हळूच.

"बरं," म्हणाले.

एक थप्पड मारली असती तर मी आज तुम्हाला ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुणाला न सांगता डोंगराकडच्या कुरणात चालत गेले. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. माझ्या बोलण्यात एक दाणा तरी खरा निघेल, अशी आशा असावी. तिन्हीसांजेला परत आले तेव्हा काकूनं पाणी दिलं आणि ताट झाकून ठेवलं. विचारलं काही नाही. माझ्याकडं मात्र एकदा बघून म्हणाली, "तू जेव. तुला भूक असेल."

त्यानंतर काकांनी नवे तीन सदरे शिवून घेतले. रोज एक घालायचे आणि रोज संध्याकाळी स्वतः दगडावर आपटून धुवायचे. साबण लावून, पुन्हा लावून, हात सोलेपर्यंत. काकूनं चाळीस वर्षं ज्यासाठी तोंड वाजवलं ते आता न सांगता होत होतं, आणि तिच्या तोंडातून हूं का चूं निघत नव्हतं. एकदा फक्त म्हणाली, "अहो, स्वच्छ आहे तो."

"वास राहतो," काका म्हणाले.

पुढच्या हंगामात फाटकाकडच्या तबेल्यातली एक घोडी गेली आणि शिंगरू मागं आणलं. काकांनी नेहमीप्रमाणं सगळं केलं, म्हणजे करायला गेले. धुतलेला सदरा शिंगरावर टाकला. मागच्या घोडीनं वास घेतला आणि दात काढले. मॅनेजरसाहेब तडतडले, "एवढी वर्षं जमत होतं, आता काय झालं?"

"आता जमत नाही साहेब," काका म्हणाले. तिचं स्वतःचं पोर गाडीवाल्यानं अजून नेलं नव्हतं, ते काकांनी तिच्याजवळ ढकललं आणि निघून गेले. त्यांना मग गवत कापायला लावलं. तेही त्यांनी केलं, नीट केलं. माझ्याशी ते बोलायचे. पाऊसपाण्याचं, कचेरीचं, माझ्या तब्येतीचं. हात मात्र कधी लावला नाही. ते गेले त्या दिवशी दोरीवर दोन सदरे वाळत होते, पांढरेशुभ्र, कोऱ्यासारखे. काकूनं एकेक हातात घेतला, तोंडाशी धरला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "एकातही नाहीत रे ते."

घड्याळ खोक्यातच राहिलं. पुस्तक पागेच्या दिवाणखान्यात काचेखाली आहे, शेवटच्या पानावर माझं नाव आहे.

माझं एवढंच होतं. आता उठाल, घरी जाल. कधीतरी एखाद्या पागेच्या फाटकातून आत जाल, तेव्हा पुतळा जरूर बघा, पाट्या वाचा, दगडांवरची नावं वाचा. पण काकांच्या तोंडातून माईकवर जे अर्धं राहिलं, ते मी आता तुमच्यापाशी पुरं करतो, कारण ते अडकलं माझ्यामुळं. पाहुणे मंडळी, माझी एकच विनंती आहे. मागं एक घोडी उभी होती. तिला मावशी म्हणत. जाताना तिला एकदा आठवून जा.